रिता धोटा

सन छप्पनची गोष्ट. आरमोरीच्या एका विणकर सोसायटीत मी सूत वाटायचो. वाटायचो कसलं, नाही म्हणायचो म्हणा. गिरणीचं कापड खेड्यापाड्यांच्या बाजारात येऊन पडलं होतं आणि मागाला लागणारं सूत सहा-सहा महिने यायचं नाही. त्यात वरून हुकूम आला, बंद पडलेले माग उचलून आणा. हुकूम काढणाऱ्यांचं काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. मला मात्र पहिलाच माग माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातून आणायचा होता.

धुरपता तिचं नाव. मी तिला बाई म्हणायचो. कोसमटोल्याला, जंगलाच्या कडेला तिचं घर. तिचा नवरा मुखरू तीन महिन्यांपूर्वी तापानं गेला होता. मूलबाळ नाही. जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या बायकांसाठी लुगडी विणली आणि बाई नेसायची गिरणीचं, कारण घरचं लुगडं बाजारात गेलं तरच चूल पेटायची. अखेरीस त्यानं एक पांढरं लुगडं तिच्यासाठी म्हणून मागावर चढवलं. पदरासकट चार हात राहिले होते तेव्हा गेला.

आमच्या कोष्ट्यांत एक रीत होती. कापड अर्धं सोडून विणकर मेला, तर दहाव्याला जवळच्या माणसानं त्याच्या मागावर बसायचं, आडवा धागा नेणारा धोटा पाच वेळा इकडून तिकडे टाकायचा आणि म्हणायचं, ‘तुझं काम माझ्यावर.’ मग मेलेला मोकळा होतो. तो मान माझ्याकडे आला. पण त्या दिवशी घरात सूत नव्हतं, आणि सोसायटीत तर नव्हतंच. मी धोट्यात सुताची कांडी न घालता रिकामाच धोटा पाच वेळा टाकला. कोण बघतंय, म्हटलं. जेवलो आणि परत आलो.

तर आता मी माग आणायला निघालो. पौषातली कलती दुपार होती. बाईच्या अंगणात गाडीचे बैल सोडले आणि खळीचा वास आला. सुताला लावतात ती भाताची खळ... ताजी. आतून आवाजही येत होता. खट्... खट्... शेजारचं कोणी बसलं असेल, असं वाटून मला बरंच वाटलं.

बाई उंबऱ्यावर बसली होती, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. हाताच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या.

“कोन बसलं व मागावर, बाई?”

“हळू बोल. धागा तुटते त्याचा.”

मी आत डोकावलो तसा आवाज थांबला. मागावर कोणी नव्हतं. विणकर पाय सोडून बसतो तो खड्डा काळोखा दिसत होता. पण लुगडं वाढलं होतं. दोन हात तरी नवं कापड होतं, आणि ते पांढरं नव्हतं, करडं होतं. मी त्यावर बोट फिरवलं. ते सूत नव्हतं.

“काय घातलं हे?” मी विचारलं.

बाईनं डोक्यावरचा पदर मागे सारला. डोक्यावर कुठे कुठे चार केस राहिले होते. बाकी टाळू सोललेली, सुकलेल्या रक्ताची.

“तू त्याच्या हाती रिता धोटा देल्ला, रामा,” ती म्हणाली. “तो रोज दिवस कलला का येते. रिताच धोटा टाकते अन् रडते. मले आयकलं नाई जात. तुमच्या सोसायटीत सूत नाई... मंग म्या कांड्या भरल्या.”

“तू जेवते का नाई?”

“आता पदरच राह्यला. दोन हात. तो झाला का मी बी जातो त्याच्यासंगं.”

ती हे इतक्या शांतपणे बोलली की मला तिच्या तोंडाकडे बघवेना. गाडीत दुसऱ्या गावच्या नावाची सुताची गठडी होती. ती मी फोडली. कांडी भरली, धोट्यात घातली आणि खड्ड्यात पाय सोडले.

पायानं दाबायच्या पावड्यांवर आधीच पाय होते. माझे तळवे त्यांच्यावर टेकले. थंड... ओलसर. ते हलले नाहीत. मलाही हलता येईना.

धोटा टाकला. एक... दोन... पाचही वेळा सूत आरपार गेलं. “तुझं काम माझ्यावर,” मी म्हणालो. मग तळव्यांखालचे पाय हळूहळू निघून गेले आणि पावडी मोकळी झाली.

मी लगेच कात्री घेतली. बाईनं माझा हात धरला. “तोडू नोको. पदर राह्यला.”

“आरमोरीले गेलो का मी विणून देतो. कमळाची आन.”

कमळा माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची. तिची शपथ ऐकून बाईनं हात सोडला. पदराचे मोकळे धागे तसेच ठेवून मी लुगडं उतरवलं, माग गाडीत घातला आणि बहिणीला घरी आणलं.

ती वाचली. जेवू लागली, डोक्यावर पांढरे केसही आले. माग हुकमाप्रमाणे दुसऱ्याला गेला. लुगडं तिच्या ट्रंकेत पडलं. आज विणू, उद्या विणू. मग सोसायटी बुडाली, मी किराण्याच्या दुकानात तागडी धरली आणि धोटा हातातून सुटला तो सुटलाच. बाईनं एकदाही आठवण करून दिली नाही. तिनं मागितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

बारा वर्षांनी, एका दुपारी ती झोपेतच गेली. कमळा पहिल्या बाळंतपणाला आली होती, दोन महिने आत्याच्याच खोलीत निजत होती. माझी बायको वच्छला म्हणाली, “तिचंच लुगडं नेसवू तिले.” मी म्हटलं, त्याला पदर नाही.

वच्छलानं घडी उलगडली. पदर होता. दोन हात, पुरा, घट्ट. ती वीण मुखरूचीच. विणकराचा हात आम्ही लाखात ओळखतो. आधी पांढरं, मग करडं, मग माझ्या पाच फेऱ्यांची पांढरी रेघ. तिच्यापुढे काळंभोर. मऊ, आणि खोबरेलाचा वास येणारं.

वच्छलाचे केस केव्हाच पिकले होते. कमळा दाराशी उभी होती, पोटावर हात ठेवून, डोक्यावरून पदर गळ्याशी आवळून. मी तिला तो मागे सारायला सांगितलं नाही.

“नेसवा,” एवढंच म्हणालो.