मधला बांध

अविराजला लॅपटॉपमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऋषिराजवर त्याचा डोळे झाकून विश्वास. दोघं लासुर्ण्याच्या शाळेत एकाच बाकावर बसलेले. आता ऋषिराजचं बारामतीत कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि अविराज कळसला डाळिंबाची बाग बघत होता.

लॅपटॉप अविराजच्या बायकोचा, माधवीचा. ती जाऊन वर्ष झालं होतं. जुनं विंडोज रडतखडत चालायचं, म्हणून त्याच्याच शेजारी नवं लिनक्स टाकायचं ठरलं. अविराजची अट एकच, माधवीच्या फोटोंना धक्का लागता कामा नये. तिच्यामागं त्याला दोनच गोष्टी उरल्या होत्या, ते फोटो आणि त्यांची लेक छकुली.

"काळजी करू नगं," ऋषिराज म्हणाला. "डिस्कचं दोन वाटं करतो, मधी बांध घालतो. ह्या अंगाचं त्या अंगाला जायाचं न्हाय."

वाटण्यांची भाषा शेतकऱ्याला लगेच पटते. अविराज निश्चिंत होऊन घरी आला. लॅपटॉप लावला की पडद्यावर दोन नावं यायची. जुनं निवडलं की माधवी हसत समोर.

थोड्या दिवसांनी डोहाळजेवणाचे फोटो सापडेनात. मग छकुलीच्या बारशाचे. अविराजनं नवी बाजू उघडली, तर सगळे तिथं. बांध कोरणारा कधी लांबचा नसतो, हे त्याला ठाऊक होतं. तरी फोटो मिळाले म्हणून आधी त्याला बरंच वाटलं.

मग त्यानं बारशाचा फोटो मोठा केला.

पाळणा तोच होता, माधवीची मोरपंखी साडी तीच. तिच्या शेजारी, अविराजचा शर्ट घालून, ऋषिराज बसला होता.

लग्नाच्या फोटोत मुंडावळ्याही त्याच्याच कपाळाला. आणि माधवी त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं तिनं अविराजकडे उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. हे त्याच्या जिव्हारी लागलं. मित्रानं कारागिरी केली म्हणावं, तर ती नजर कुठून आणली?

संतापानं त्यानं मोटरसायकल काढली आणि बारामती गाठली. लॅपटॉप काउंटरवर आपटून तो म्हणाला, "माझ्या बायकूच्या फोटूत का घुसलास?"

ऋषिराजनं लॅपटॉप चालू केला. पडद्यावर एकच नाव आलं, नवं.

"तुमचा काय तरी घोटाळा व्हतोय, पाव्हणं," तो हळू आवाजात म्हणाला. "ही माझी माधवी. गेल्या साली वारली."

त्याच्यामागं भिंतीवर माधवीचा फोटो होता. हार ताजा होता.

अविराजनं लॅपटॉप तिथंच सोडला आणि मोटरसायकल कळसच्या वाटेला लावली.

तो घरी पोचला तेव्हा छकुली ओट्यावर गृहपाठ करत होती. त्याला बघून ती उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"बसा काका," ती म्हणाली. "बाबा दुकानात हायेत. येतीलच आता."