मानेमागचं इंजेक्शन

"अहो आई, नेमक्या आजच सवाष्णी जेवायला सांगितल्यात?" दीपमालाने कणकेचा हात तसाच कपाळावर दाबला. डाव्या डोळ्यामागे कालपासून घण पडत होते... आणि सासूबाई शांतपणे पुरण वाटत होत्या!

"शुक्रवारची सवाष्ण काय बुधवारी जेवते?" मथुराबाई म्हणाल्या.

लग्न होऊन बिबवेवाडीच्या या घरात आल्यापासून दीपमालाने आपली अर्धशिशी मुकाट्याने सोसली होती. अंधाऱ्या खोलीत डोक्याला ओली पट्टी बांधून पडायचं, नि उठून सगळ्यांच्या पोळ्या लाटायच्या! गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी मानेच्या वर, डोक्याच्या मागे नस बधिर करायचं इंजेक्शन सुचवलं. त्याने पुढचे काही आठवडे तरी डोकं उठणं कमी होईल म्हणाले. पण दवाखान्याचा दिवस आला, की आईंची पाठ धरायची, नाहीतर नणंदेच्या सासरचे जेवायला यायचे. बोलावणाऱ्या आईच!

आजही सकाळची इंजेक्शनची वेळ ठरलेली होती, आणि आज मात्र तिचा बांध फुटला. "या घरासाठी जन्मभर झिजले, आई! स्वतःसाठी एक सकाळ मागितली, तीही तुम्हाला जड झाली?"

"उद्या जाऊ की," रणजित पेपरामागून म्हणाला.

"तुमचा उद्या बरणीत मुरत घाला!" ती नवऱ्यावर कडाडली आणि हुंदके देऊ लागली.

मथुराबाईंचा हात थांबला. "डोक्यात सुई घालणार म्हणे..." त्या पुटपुटल्या. "मेंदूला लागली, तू मला ओळखेनाशी झालीस, तर या घरात मी भांडू कुणाशी गं?"

दीपमालाने डोळे पुसले. इतके दिवस ज्याला द्वेष समजून ती मनात जळत होती, ती निघाली भीती! आणि तीही इतकी खुळी, की धड रागावताही येईना...

"अहो, सुई कातडीखाली जाते, मेंदूपर्यंत नाही! विचारायचं होतंत ना."

"तू सांगायचं होतंस ना!"

सवाष्णींना दुपारऐवजी रात्री जेवायला या, असं कळवायचं काम रणजितच्या गळ्यात पडलं, आणि सासूसुना रिक्षात बसल्या.

दवाखान्यात दीपमालाने मान खाली घातली. "केस जरा वर धरा," डॉक्टर म्हणाले. ते मथुराबाईंनी धरले, घट्ट मुठीत, नजर सुईवर रोखून. सुई टोचली. दीपमालाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"दुखलं का गं, बाळ?"

"सुई नाही दुखली... तुम्ही केस ओढताय."

मथुराबाईंनी मूठ सैल केली. पण सोडली नाही.