राखीव स्मृती

दत्ताजी निकमांचं बोलणं दसऱ्यानंतर बिघडलं. आधी "चहा" गेला, मग "खिडकी", "चादर", आणि बघता बघता बायकोचं नावही गेलं. इंदूबाई समोर उभ्या असल्या तरी टेबलावरच्या संगणकातून दत्ताजींच्या आवाजात "ती... ही... अगं" एवढंच यायचं. नावाने हाक मारणारा नवरा असा अचानक "ही ही" करायला लागला, याचं इंदूबाईंना फार लागलं होतं.

अर्धांगवायूच्या झटक्यात दत्ताजींची वाचा गेली, त्याला दोनेक वर्षं झाली असतील. पुनर्वसन केंद्राने त्यांना कपाळाला बांधायचा वाचापट्टा दिला होता, आणि पट्ट्याने डोक्यात टिपलेलं बोलून दाखवणारा संगणक. कुणाच्याही मनातलं घराबाहेर जाता कामा नये असा कायदा झालेला, त्यामुळे सगळं काम घरातल्या त्या संगणकाच्या पेटीतच चालायचं. त्यासाठी तिच्यात चार दणकट स्मृतिपट्ट्या होत्या. वीज गेली तरी त्या काही विसरायच्या नाहीत.

उद्या केंद्राचे डॉक्टर तपासणीला यायचे होते. शब्द असेच आटत राहिले तर मेंदूच थकलाय असं धरून यंत्र दुसऱ्या रुग्णाला देऊ, असं त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं. म्हणून मुलगी शैलजा पुण्याहून कोल्हापूरला धावत आली. तंत्रनिकेतनात ती संगणकाची दुरुस्तीच शिकवायची.

"मेंदूबिंदू काही थकलेला नाही," पडद्यावर नजर टाकून ती म्हणाली. "चार पट्ट्या बसवल्यात आणि या शहाण्या संगणकाला दोनच दिसतायत. आई, पेटी कुणी उघडली होती?"

"मी. खंडेनवमीला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? हत्यारं पुजायला नकोत? लेथ विकला, आता यांचं हत्यार हेच. आणि हेच म्हणाले, हळदकुंकू पात्याला लावायचं असतं, खोक्याला नाही."

शैलजाने कपाळावर हात मारला. बाजूचं झाकण सरकवलं, तर एका पट्टीचे सोनेरी दात हळदीने माखलेले, खाचेत कुंकू भरलेलं. रागवावं की हसावं तेच तिला कळेना. खुर्चीतले दत्ताजी मात्र आपल्या जागी बरोबर होते. उद्यमनगरात उभी हयात लेथवर घालवलेला माणूस तो, त्याला दुसरं काय सुचणार?

तिने वीज बंद करून वायर काढली. पट्टी उपसून दात खोडरबराने हलकेच घासले, खाचेतलं कुंकू मऊ ब्रशने झाडलं आणि दोन्ही कड्या खट्कन बसेपर्यंत पट्टी दाबली. यंत्र सुरू केलं. आता तीन दिसत होत्या.

चौथी मात्र दाद देईना. शैलजाने तिची जागा बदलून पाहिली. पट्टी चांगली होती, खाचही चांगली होती. मग वैतागून ती यंत्राच्या मूळ मांडणीत शिरली, आणि तिथे चौथी पट्टी सापडली. पुढे लिहिलेलं होतं: राखीव, वापरणाऱ्याच्या सांगण्यावरून.

"बाबा, ही तुम्ही बंद करायला सांगितलीत?"

दत्ताजींनी मान फिरवली.

"बाबा, मी तुमच्याशी बोलतेय!"

"मनात येतं," संगणक दत्ताजींच्या आवाजात म्हणाला. "म्हणायचं... नसतं."

मग शैलजाला आठवलं. दसऱ्याच्या संध्याकाळी आई खिडकीपाशी बसून बाबांना बशीतून चहा पाजत होती. थोडा चहा चादरीवर सांडला, आणि यंत्र स्पष्ट बोललं, "कंटाळा आला हिचा." आईने हे फोनवर सांगितलं तेव्हा शैलजाने हसण्यावारी नेलं होतं. धडधाकट माणसं दिवसभरात असलं कितीतरी गिळून टाकतात. पट्ट्याला गिळता येत नव्हतं. म्हणून दत्ताजींनी यंत्राला ते बाजूला काढून कुलूपबंद करायला लावलं. पण यंत्राला नेमकं एकच वाक्य उचलता येईना. त्या घटकेला मनात जे जे होतं ते सगळं त्याने एकेक करून आत ओढलं, आणि त्यातच चहा गेला, खिडकी गेली, चादर गेली, इंदू गेली.

ती खुर्चीकडे वळली. "बाबा, मी ही उघडते. एवढ्याशा शब्दांवर उद्या तपासणीत तुमचा निभाव लागायचा नाही. यंत्र घेऊन जातील ते."

"नेऊ दे."

"म्हणजे पुन्हा मुके होऊन बसणार?"

"होईन. तिला... पुन्हा... नको."

इंदूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या पुढे आल्या आणि नवऱ्याशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"उघड गं ते," त्या म्हणाल्या.

"आई, पुन्हा तसलं काही ऐकावं लागेल. रोजसुद्धा."

"लागू दे. मला काय यांचा कधी कंटाळा येत नाही? पण माझं नाव तरी ऐकू येईल ना."

दत्ताजी डोळे विस्फारून बघत राहिले. शैलजाने कुलूप काढायच्या कळीवर बोट ठेवलं, पण दाबायचा धीर होईना. इंदूबाईंनी नवऱ्याच्या कपाळावरचा पट्टा सारखा केला, आणि हात तिथेच ठेवून लेकीला विचारलं, "शैला, असला एक पट्टा मलाही मिळेल का गं?"