आत आधीच कोणीतरी आहे

बसा, पोरांनो. दिवे येतील तेव्हा येतील, तोवर कॉफी प्या. हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही, रोडेल पालमारेसच्या बाबतीत घडलं. आणि रोडेल थापाड्या नाही. बिचाऱ्याला थापा सुचतच नाहीत.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रोडेल रात्री शहराच्या हारो भागात गेला होता, मानोंग नेस्तोरच्या मयताघरी जागायला. नेस्तोर वयाने मोठा, म्हणून मानोंग, म्हणजे दादा. दोघांनी वर्षानुवर्षं याच खोलीत शेजारी बसून इस्पितळांचं डेटा वेअरहाऊस, म्हणजे माहितीचं गोदाम, सांभाळलं. रोडेलचं लग्न नाही, आई गेलेली. जिवाभावाचं माणूस हे एवढंच होतं.

आपला रिवाज तुम्ही मोबाइलवाले पाळत नसाल, पण ठाऊक तरी आहे ना? मयताघरून थेट घरी जायचं नाही. वाटेत कुठेतरी टेकायचं, म्हणजे मेलेल्याचं जे काही मागे आलेलं असतं, ते तिथेच राहतं. शहाणा माणूस बाचोयच्या दुकानात वाटीभर सूप पिऊन निघतो. हा गाढव इथे ऑफिसात आला. रिकाम्या घरी जाववेना, आणि कामही होतं.

आपल्या गोदामात कोणता तक्ता कुठे ठेवलाय, हे एका वेगळ्या छोट्या डेटाबेसला ठाऊक असतं. तो बिघडला की गोदाम भरलेलं, पण हाती काही लागत नाही. आमचा होता तो सॉफ्टवेअरबरोबर आयता मिळालेला. एका वेळी एकालाच आत घ्यायचा, आणि कुलूप म्हणाल तर नाहीच. सोमवारपासून सगळ्या शाखांची माणसं एकदम येणार होती. हा बदला, पासवर्ड लावा, जुनी खाती बंद करा, असं नेस्तोर दवाखान्यातूनही सांगत होता.

रोडेलने नवा डेटाबेस उभा केला आणि जुना उघडायला गेला. पडद्यावर उत्तर आलं, आत आधीच कोणीतरी आहे.

इमारतीत कोणी नव्हतं. आत कोणाचं खातं आहे, ते त्याने शोधलं.

नेस्तोरचं.

ते खातं रोडेलला बंद करवलं नव्हतं. एसी चालू होता. शेजारची खुर्ची रिकामी. आणि लोण्याचा वास... नेस्तोर दिवसभर बिस्कोचो खायचा. तो लोणी-साखरेचा कडक पाव, चुरा कीबोर्डभर. उंदीर लागतील तुझ्यामागे, असं रोडेल त्याला चिडवायचा.

"मानोंग," रोडेल म्हणाला. "मला आत येऊ दे. तूच सांगितलेलं काम आहे."

त्याने परत उघडून पाहिलं. तेच उत्तर.



मग वाट मोकळी झाली.

त्याने सगळं हलवलं. पासवर्ड लावला. उरलं ते नेस्तोरचं खातं. ते ठेवलं तर मेलेल्या माणसाच्या नावाने कोणीही आत शिरेल, हे नेस्तोरनेच शिकवलेलं. रोडेल रडला. मग त्याने ते पुसलं.

"इथे आता तुला जागा नाही, मानोंग. घरी चल. मी एकटाच असतो."

आणि तो वाटेत कुठेही थांबला नाही.

रविवारी दुपारी मी त्याच्याकडे गेलो. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खुर्चीवर तो नेहमी कपडे टाकतो. त्या दिवशी ती मोकळी होती. तिच्यासमोर टेबलावर बिस्कोचोचा चुरा. लोण्याने रोडेलला पित्त होतं, तो खात नाही.

मी फडकं उचललं.

"राहू द्या, सर," तो म्हणाला. "ते पुसू नका."