पाचव्या मजल्यावरची हजेरी

ऑफिसच्या इमारती तारण घेऊन बँका कंपन्यांना कर्ज देतात. त्या इमारती खरोखर भरलेल्या असतात की नुसत्या कागदावर, हा माझ्या संशोधनाचा विषय. मी दोनशे बारा इमारती निवडल्या होत्या. एका बाजूला बँकेच्या व्हॅल्युअरचा, म्हणजे इमारतीची किंमत ठरवणाऱ्याचा अहवाल. दुसऱ्या बाजूला विजेचं मीटर. माणूस खोटं बोलेल, मीटर कशाला बोलेल?

एकशे सत्तेचाळिसाव्या इमारतीपाशी मी अडले. पाचव्या मजल्यावर चार वर्षांत विजेचं एक युनिटही जळलं नव्हतं. अहवाल मात्र म्हणत होता, ‘पूर्ण वापरात. पाहणीच्या वेळी अडतीस कर्मचारी हजर.’ खाली सही दादाची.

दादा माझा सख्खा भाऊ. बाबा गेल्यावर माझी फी त्यानेच भरली होती. माझा निष्कर्ष बाहेर आला की त्याचा परवाना जाणार, हे कळायला आकडेमोड लागत नव्हती.

मी तडक त्याच्या घरी गेले. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

“किती घेतलेस?” मी विचारलं.

तो चिडला नाही. तेच मला खटकलं.

“एक पैसाही नाही. मी मोजली गं माणसं. माना खाली घालून काम करत होती.”

“दिव्याशिवाय?”

“खिडक्या आहेत ना मोठ्या.”

“मग उद्या चल. मलाही दाखव.”

“तू कशाला येतेस?” तो घाईघाईने म्हणाला.

“जा हो,” वहिनी म्हणाली. “एकदाचा संशय तरी फिटेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही पोचलो. खालचा रखवालदार नोंदवहीतून मान वर काढत म्हणाला, “पाचव्यावर? भाडं वेळच्या वेळी येतं म्हणे. माणूस काही मी पाहिला नाही.”

तो मजला म्हणजे एक लांबलचक हॉल होता. राखाडी गालिचा, छतातून लोंबणाऱ्या वायरी, बंद जागेचा कुबट वास. गालिच्यावर टेबलखुर्च्यांचे व्रणसुद्धा नव्हते. म्हणजे दादा खोटंच बोलला होता.

दादा आत शिरला आणि त्याची चाल बदलली. पोट आत घेऊन, अंग तिरकं करून तो पुढे सरकू लागला. मधेच “माफ करा हं” असं पुटपुटला. तो जिथे वळसा घालत होता, तिथून मी सरळ चालत गेले. मला काहीच लागलं नाही.

हॉलच्या टोकाला तो थांबला.

“एकोणचाळीस,” म्हणाला. “एक वाढलाय.”

मग कुणी काही सांगतंय असा तो कलला. ऐकून घेतलं. मान डोलावली. ओशाळवाणं हसला.

आणि बसला.

तिथे खुर्ची नव्हती. गुडघे काटकोनात, पाठ टेकलेली, पावलं जमिनीपासून चार बोटं वर. तो साहेबापुढे बसावा तसा नीट बसला होता.

मी त्याला दंडाला धरून ओढलं. तो निमूट आला. लिफ्टमध्ये एवढंच म्हणाला, “चांगली आहेत गं माणसं.”

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “एक इमारत गाळा. निष्कर्षाला धक्का लागत नाही.” तीन दिवस मी त्या ओळीपुढे बसून होते. मी मजला डोळ्यांनी पाहिला होता. शेवटी लिहिलं, ‘रिकामा.’

बँकेने चौकशी केली. दादाचा परवाना गेला. त्याने बचावात एक शब्द काढला नाही, मलाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी वहिनीचा फोन आला.

“अहो, ह्यांना नोकरी लागली. सव्वानऊला निघतात. पगारही जमा होतो. पण घरी आल्याचा आवाजच होत नाही. मी मागे वळते, तर उभे असतात. जेवतातही, पण ताटातलं कमी होत नाही.”

“पगार कुठून येतो?”

तिने पासबुकातलं नाव वाचून दाखवलं. पाचव्या मजल्याच्या भाडेकरूचं.

मी दुपारी तिथे पोचले. रखवालदार म्हणाला, “तुमचे भाऊ? त्या दिवसानंतर आलेच नाहीत.” मीटर बंदच होतं. मी वर जाऊन हॉलचं दार ढकललं आणि ते हाताने धरून उंबऱ्यातच उभी राहिले.

आत कुणी नव्हतं.

मी दादाला फोन लावला. हॉलमध्ये कुठेही घंटी वाजली नाही. त्याने उचलला.

“बोल. पटकन बोल.” ऑफिसात बोलतात तसा दबका आवाज.

“दादा, कुठे आहेस तू?”

“कामावर.” मग जरा संकोचून, “तू दारात काय उभी राहिलीस? बाजूला हो ना. जेवायची सुट्टी झालीये, माणसं खोळंबलीत.”

मी बाजूला झाले. हात काढला.

दाराला स्प्रिंग होती. सोडलं की लगेच मिटायला हवं होतं.

मिटायला बराच वेळ लागला.