वळवणची सारंगी

सारंगीच्या पोटावरचं चामडं उभं फाडलेलं होतं. सुरी तिथंच, गादीवर पडली होती.

फौजदार महिपती गराडे दारातच थबकले. वळवणच्या या बंगल्यात ते दोनदा गाणं ऐकायला आले होते. चौकशीला यावं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

खुर्शीदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नाटक कंपनीत गाजलेल्या या बाई आज संध्याकाळी आठ वाजता मुंबई रेडिओवर पहिल्यांदाच गाणार होत्या. गाडी दुपारी एकची. आता सकाळचे नऊ वाजत आले होते.

सारंगी त्यांच्या थोरल्या भावाची, राजमहंमदांची. वडिलांपासून चालत आलेली.

"कुणावर संशय?"

"नथूवर," विडी शिलगावत राजमहंमद म्हणाले. "दुसरं कोण? बाकी गाणं अडणार नाही. रेडिओवाल्यांचा स्वतःचा सारंगीवाला असतो."

नथू मास्तर अठरा वर्षं बाईंच्या साथीला पेटी वाजवत होते. यंदा मार्चपासून रेडिओवर पेटीला बंदी आली आणि आजची साथ राजमहंमदांच्या सारंगीकडे गेली. काल जेवताना ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सारंगीनं माझी जागा खाल्ली."

झाडलोट करणारी बाया लोहगडवाडीची. ती पदर सावरत पुढं आली.

"मास्तर पहाटं या खोलीतनं भाईर आलं. म्या बघितलं."

"हातात काय होतं?"

"फडकं."

"आणखी काही ऐकलंस?"

"न्हाई. आदी त्या वक्ताला सारंगी वाजायची रोज. आता म्हैना झाला, वाजत न्हाई."

"पहाटेच्या दवानं चामडं सैल पडतं," राजमहंमद लगेच म्हणाले.

नथू मास्तर व्हरांड्यात शिपायाशेजारी बसले होते.

"खोलीत कशाला गेला होतात?"

"पेटी पुसायला. वाजवायची नाही, तर निदान पुसावी."

"आणि सारंगी?"

"गवसणीत होती. मी हात लावला नाही, साहेब."

गराडे परत आत आले आणि सारंगीपाशी उकिडवे बसले. एकही तार तुटलेली नव्हती. सगळ्या खुंट्या मात्र सैल केलेल्या होत्या.

"बाई, तारा अशा का उतरवतात?"

"चामडं बदलताना. ताणलेल्या तारांखाली ते फाटलं, तर तारा पेलणारी घोडी आत घुसते आणि लाकूड चिरतं. मग ती सारंगी पुन्हा उभी राहत नाही."

"आणि ही?"

"नवं चामडं चढवलं की वाजेल. पण आज नाही."

खोलीत काहीतरी करपल्याचा वास येऊ लागला. राजमहंमद खिडकीबाहेर बघत होते. डाव्या हातातली विडी जळत जळत बोटांच्या बेचक्यात पोचली होती. गराड्यांनी ती काढून विझवली.

"भाजलं का?"

"कुठं?" राजमहंमदांनी विचारलं, आणि मग त्यांची नजर स्वतःच्या बोटांवर गेली.

गराड्यांनी नथू मास्तरांना आत बोलावलं. बोलताना गराड्यांचा आवाज खाली आला.

"रागावलेला माणूस सुरी सरळ घालतो. चाळीस खुंट्या एकेक करून उतरवायला राग पुरत नाही, जीव लागतो. सारंगी आज वाजू नये पण मरूही नये, असं ज्याला वाटलं त्याचं हे काम. महिनाभर तिची गवसणी निघाली नाही. डाव्या बोटांना चटका कळत नाही, तिथं सूर काय कळणार? खरं ना, राजमहंमदभाई?"

राजमहंमदांनी खांद्यावरची शाल पुढं ओढली.

"तळेगावला डॉक्टरला दाखवलं," ते म्हणाले. "त्यानं रोगाचं जे नाव घेतलं, ते ऐकून या घरात मला कुणी ताट वाढलं असतं का?"

"आजारी आहे म्हणायचं होतंत, भाई," खुर्शीदाबाई म्हणाल्या.

"मग तू इथं डॉक्टर आणला असतास."

बाईंनी भावाचा हात धरायला हात पुढं केला. राजमहंमदांनी आपला हात शालीत ओढून घेतला.

"मला चौकीत नेलं असतं," नथू मास्तरांनी विचारलं, "तर बोलला असतात?"

"तुझं जे जायचं ते गेलंच होतं, नथू. असं मनाला समजावलं."

नथू मास्तरांनी मान हलवली आणि ते पेटी बांधायला लागले.

संध्याकाळी आठ वाजता राजमहंमदांची फिर्याद मागं घेतल्याचा कागद सहीसाठी घेऊन गराडे पुन्हा बंगल्यावर आले. बाई मुंबईला पोचल्या होत्या. नथू मास्तरांनी दुपारीच पुण्याची गाडी धरली होती. राजमहंमद एकटेच रेडिओसमोर बसले होते. सही करताना त्यांचा कान गाण्याकडेच होता.

"वरचा सूर चढा लागतोय तिचा," ते म्हणाले. "पेटीची सवय. नथू असता तर तिथंच सावरून घेतलं असतं."

गराडे खुर्ची ओढून बसले. ती आपण राजमहंमदांपासून लांब, पार दाराशी ओढली आहे, हे मागाहून त्यांच्या लक्षात आलं. उठून पुढं सरकवावी असं मनात आलं. गाणं संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.