रिकामा सहावा स्लॉट

ही कुणाच्या मित्राच्या मावसभावाची गोष्ट नाही. माझी स्वतःची आहे, आणि शब्द न् शब्द खरी आहे.

रात्र नव्हती. रविवार होता, दुपारचा दीड. हॉस्पिटलच्या तळघरातली सर्व्हर रूम. सगळ्या ट्यूबलाइट लख्ख चालू.

मी तिथली सिस्टिम अ‍ॅडमिन. सगळं सुरळीत चाललं तर माझं नाव कुणाला आठवत नाही. बंद पडलं की सगळ्यांना आठवतं.

आमच्या रक्तपेढीच्या नोंदी एका जुन्या सर्व्हरवर आहेत. कुठली पिशवी, कुठला गट, कुणाला द्यायची... सगळं त्यावर. चार महिने त्याने माझा जीव खाल्ला होता. दोन दिवस झाले की लॉगमध्ये, म्हणजे मशीन स्वतःच लिहितं त्या नोंदींत, तीच ओळ : सहाव्या स्लॉटमधली, म्हणजे सहाव्या खाचेतली, मेमरी चुकते आहे.

त्या खाचेतली रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी बदलली. तीच ओळ.

दुसरी घातली. तीच ओळ.

आमच्या विभागाचे साहेब म्हणाले, "एक्स्पान्शन कार्डाची, त्या वेगळ्या जोडकार्डाची, गडबड असेल." ते कार्ड काढून कार्डांच्याच दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं. तरी तीच ओळ!

मी म्हटलं, "साहेब, मदरबोर्ड बदलू या. एक आकडा चुकला आणि चुकीची पिशवी वर गेली तर?"

"चालतंय ना अजून? मग कशाला उगाच डोकं खाताय?"

तीन पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही नाही.

म्हणून त्या रविवारी ठरवलं, सहावा स्लॉट रिकामाच ठेवायचा. सोळा जीबीच्या आठ पट्ट्या आहेत, सातवर भागवू. रक्तपेढीला सांगितलं, चार वाजेपर्यंत नोंदी कागदावर लिहा. सोबतीला आमचे इलेक्ट्रिशियन होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. हाडाचे कामसू, आणि कशालाच न घाबरणारे.

मशीन बंद केलं. सहावी पट्टी काढून टेबलावर ठेवली. स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा उघड्या ठेवल्या. झाकण लावलं. चालू केलं.

स्क्रीनवर एकशे बारा जीबी दिसायला हवे होते.

दिसले... एकशे अठ्ठावीस.

"जुनाच आकडा दाखवत असेल," मी पुटपुटले. केबल ओढली. पाच मिनिटं थांबलो. झाकण पुन्हा काढलं.

सहाव्या स्लॉटच्या क्लिपा... बंद होत्या.

"मिस्त्री, तुम्ही हात लावलात?"

"मी कशाला लावू, मॅडम? मी तर तुमच्यासमोर उभा आहे."

मी क्लिपा उघडल्या. स्लॉटमध्ये टॉर्च मारला. धूळसुद्धा नव्हती. झाकण उचलायला वळले...

टक्.

रॅम नीट बसली की क्लिप जो आवाज करते, तोच. हजार वेळा ऐकलेला.

वळून पाहिलं. क्लिपा बंद.

खरं सांगू? तेव्हा मला भीती नाही वाटली. संताप आला. चार महिन्यांचा सगळा संताप. "थांब, तुला दाखवतेच," असं मी त्या यंत्राला मोठ्याने म्हटलं. एकेक करत उरलेल्या सातही पट्ट्या उपसून काढल्या. आठ पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या. मिस्त्रींना मोजायला लावल्या.

"आठ," ते म्हणाले.

मेमरीशिवाय कुठलंच मशीन सुरू होत नाही. नुसतं बोंबलतं. बीप, बीप, बीप.

बटण दाबलं.

आम्ही बीपची वाट पाहत होतो...

बीप आलाच नाही.

पंखे घोंगावले, मग हळू झाले. स्क्रीन उजळला. पहिल्या पाच स्लॉटपुढे 'रिकामा'. सातव्या-आठव्यापुढे 'रिकामा'.

सहाव्यापुढे... एकशे अठ्ठावीस.

कंपनीचं नाव, कोरं. सिरीयल नंबर, कोरा.

मिस्त्री वाकले. मी ओरडले, "चालू मशीनमध्ये हात घालू नका!"

"बारा व्होल्टनं काय होतंय, मॅडम." त्यांनी बोटांची चिमटी सहाव्या स्लॉटकडे नेली. ती वरच थांबली. स्लॉटच्या बोटभर वर, हवेत.

"आहे की काहीतरी," ते हळूच म्हणाले. "गरम लागतंय."

चिमटीत धरून त्यांनी वर ओढलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हात झटकून ते भिंतीपर्यंत मागे गेले.

"काय झालं?"

"मी ओढलं..."

"मग?"

"त्यानंही ओढलं."

तेवढ्यात फोन खणाणला. दोघंही दचकलो. रक्तपेढीच्या सिस्टर होत्या. "चालू झालं हो! आज काय पळतंय! केलंत तरी काय?"

मी टेबलावरच्या आठ पट्ट्यांकडे पाहिलं. "सिस्टर, मी बंद करतेय. लगेच."

"अहो, वेडबीड लागलंय का? अपघाताचा पेशंट टेबलावर आहे, आत्ता चार पिशव्या वर पाठवायच्यात. अजिबात हात लावू नका!"

मी हात लावला नाही. काय करणार होते?

आठवडाभर सिस्टर आणि मी, दोघींनी एकेक नोंद कागदाशी ताडून पाहिली. एकही चूक नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा लॉग स्वच्छ.

पुढच्या सोमवारी साहेबांना तळघरात आणून दाखवलं.

"मशीन चुकीचं सांगत असेल."

"साहेब, आठही पट्ट्या माझ्या हातात आहेत!"

"मग सुट्या भागांच्या कपाटात ठेवा," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

मिस्त्रींनी बदली मागून घेतली. आता ते वरच्या मजल्यावर असतात. जिन्यात भेटलो की हसतात, पण उजवा हात खिशातून काढत नाहीत. एकदा विचारलं, "दुखतो का?" म्हणाले, "दुखत नाही, मॅडम. पण कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं."

याला दीड वर्ष झालं. इथे ग्रुपवर बरेच जण माझ्याच धंद्यातले आहेत, म्हणून आधीच सांगते. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलंस का, असं विचारू नका. केलं. तीनदा. मदरबोर्ड तपासून घे म्हणू नका. तपासायला आलेला माणूस झाकण काढून दोन मिनिटं बघत राहिला आणि हत्यारांची पिशवी तिथेच टाकून गेला. अजून न्यायला आलेला नाही.

काल नवीन सर्व्हर आला. नोंदी तिकडे हलवून झाल्या. येत्या रविवारी जुनं मशीन कायमचं बंद करून भंगारात द्यायचं. साहेब म्हणाले, "तुम्हीच करा. तुमचीच हौस होती ना?"

बटण दाबायला एक सेकंद लागतो.

पण तो स्लॉट भंगारात गेला, की त्यात जे येऊन बसलंय... ते कुठे जाणार?